लाल सळई, पांढरी सळई

धातुवेध संस्थेच्या तिसऱ्या दालनात दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी होती. त्यांच्यात अंतर असेल जेमतेम आठ पावलांचं. एका यंत्राच्या भट्टीत अंगठ्याएवढी जाड आणि हातभर लांब अशी निकेलच्या मिश्रधातूची सळई मधल्या भागात लालभडक तापलेली असायची. दुसऱ्यात त्याच मापाची ॲल्युमिनियमची सळई होती, पण ती पोकळ. तिच्या पोटातून उणे एकशेसाठ अंशांचा द्रव मिथेन सतत वाहायचा, त्यामुळे तिच्या टोकांवर आणि नळ्यांवर पांढराशुभ्र बर्फ धरायचा. दोन्ही सळयांवर सारखाच आगीचा झोत आणि दोन्ही टोकांकडून ताणणारी सारखीच ओढ. अजून नुसत्या रंगीत तालमी चालल्या होत्या. खरी परीक्षा आठवड्यानं सुरू व्हायची होती आणि हजार तास चालायची होती.

ही सगळी खटपट एका नाकासाठी होती. शिरोलीच्या माळावरून उडून चाळीस मिनिटांत अंतराळात शिरेल आणि तसंच परत येऊन उतरेल असं चौदा माणसांचं 'झेप' नावाचं विमान तयार होत होतं. परतताना हवेशी घासून त्याचं नाक तापणार होतं, आणि ते नाक कुठल्या धातूचं करायचं हे या दोन सळया ठरवणार होत्या. हरलेल्या धातूचं काम बंद करून त्याची माणसं दुसरीकडे पाठवायची, असं संस्थेनं आधीच जाहीर केलं होतं.

लाल सळई डॉ. ओजस इंगवले यांची. पांढरी सळई डॉ. शाल्मली इंगवले यांची. आडनाव एक असणं हा योगायोग नव्हता. दोघं एकोणीस वर्षांपासून नवरा-बायको होते, सकाळी एकाच गाडीतून यायचे आणि दुपारी एकाच डब्यातली भाजी वाटून खायचे.

ओजस बायकोवर जळत होता. हे वाक्य त्यानं मनातल्या मनातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं, पण गोष्ट सांगणाऱ्यानं ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शाल्मली त्याच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी. सळईचा पृष्ठभाग आरशासारखा कसा घासायचा हे तिला त्यानंच शिकवलं होतं. ती ॲल्युमिनियमकडे वळली तेव्हा 'पातेल्यांचा धातू' म्हणून त्यानं तिची यथेच्छ थट्टा केली होती आणि ती मनापासून हसली होती. आता बाहेरून पाहुणे यायचे, लाल सळईसमोर दोन मिनिटं उभे राहून माना डोलवायचे आणि मग बर्फाचे फोटो काढायला पांढऱ्या सळईकडे धावायचे. ओजसची बावीस वर्षं त्या लाल सळईत गेली होती. फोटो बर्फाचे निघत होते, आणि ते त्याच्या डोळ्यांत सलत होतं.

त्या दिवशी संस्थेच्या संचालिका डॉ. रेहाना मुजावर निवड समितीला घेऊन आल्या होत्या. समितीत गुंजाळ नावाचे एक निवृत्त वैमानिक होते. त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं की आपल्याला धातूंतलं काही कळत नाही, आपण फक्त विमानं उडवली आहेत, तेव्हा कुठलं नाक द्याल आणि का द्याल, ते सरळ भाषेत सांगा.

ओजसनं आधी बोलायचा मान घेतला. निकेल तापतं पण खचत नाही, असं तो म्हणाला. हजार अंशांना लाल होऊनही ते ओढ सोसतं. ॲल्युमिनियम दोनशे अंशांनाच निम्मं गळाठतं आणि साडेसहाशेच्या आसपास त्याचं पाणी होतं.

"आणि वजन?" गुंजाळांनी विचारलं.

वजन तिप्पट, हे ओजसला कबूल करावं लागलं. निकेलचं नाक लावलं तर चौदाऐवजी अकराच माणसं जातील, हे मुजावर मॅडमनी सांगून टाकलं.

मग शाल्मली बोलली. तिचा मुद्दा असा होता की धातूला तापूच द्यायचं नाही. ॲल्युमिनियममधून उष्णता चटकन आरपार जाते. नाकाच्या मागच्या अंगाला विमानाचं थंडगार इंधन वाहतं ठेवलं की ते ती उष्णता वाहून नेतं. लोखंड थंडीत ठिसूळ होतं, पण ॲल्युमिनियम उलट आणखी बळकट होतं.

"मिथेन वाहायचा थांबला तर?" गुंजाळ.

"सहा सेकंद," शाल्मली म्हणाली. "सातव्या सेकंदाला नाक नसेल. म्हणून तीन वेगळे पंप लावलेत. पण सहा सेकंद ते सहाच."

गुंजाळांनी समाधानानं मान हलवली. ओजसला याचीच चीड यायची. त्यानं स्वतः हा दोष चार वळणं घेऊन सांगितला असता. ही बाई तो सरळ टेबलावर ठेवायची आणि लोकांना तीच आवडायची.

त्यानं मग आपला हुकमाचा पत्ता काढला. त्याचं निकेल साधं नव्हतं, ते सांधणारं निकेल होतं. धातू म्हणजे दाबून बसवलेले बारीक बारीक कण, असं त्यानं समजावून सांगितलं. कणसातले दाणे एकमेकांना चिकटून बसलेले असावेत तसे ते असतात. दोन कणांमधली जी सीमा, ती म्हणजे अरुंद गल्ली. तापलेल्या धातूवर ओढ बसली की हळूहळू त्या गल्ल्यांमध्येच पोकळी तयार होते आणि तडा जातो. सगळे धातू असेच मरतात. ओजसनं आपल्या निकेलमध्ये एका जातीचे अणू मिसळले होते, त्यांना तो सांधक अणू म्हणे. धातू लाल झाला की हे अणू गल्ल्यांतून धावू लागतात. तड्यापाशी जागा रिकामी असते आणि धातू ताणलेला असतो, म्हणून ते तिकडेच ओढले जातात आणि तडा भरून काढतात. जखम आपली आपण भरते.

समितीत कौतुकाची कुजबुज झाली. बऱ्याच दिवसांनी ओजसला बरं वाटलं. तेवढ्यात शाल्मलीनं विचारलं, "त्या गल्लीतून दुसरं कुणी जाऊ शकत नाही का?"

तिनं ते शंका म्हणून विचारलं होतं, घरी जेवताना विचारायची तसंच. ओजसला मात्र वाटलं की हिनं चारचौघांत आपल्या पायात पाय घातला.

"गल्ली आमच्या अणूंच्या मापाची आहे," तो तुटकपणे म्हणाला.

हे त्यानं कधी मोजलेलं नव्हतं. मोजायची गरज आहे असं वाटलंच नव्हतं. शाल्मलीनं पुन्हा काही विचारलं नाही.

परीक्षा खंडेनवमीला सुरू करायचं ठरलं. शस्त्रांची आणि अवजारांची पूजा कोल्हापुरात कुणी चुकवत नाही, मग ते उद्यमनगरातलं ओतकाम असो की अणू मोजणारी संस्था. तिसऱ्या दालनातली पूजा आनंदामामांकडे असायची. आनंदा लोहार हे तिथले सगळ्यांत जुने कारागीर. ओजसच्या वडिलांच्या हाताखाली उद्यमनगरात मुशीपाशी उभं राहून ते काम शिकले होते आणि ओजसनं संस्था धरली तेव्हा त्याच्या मागोमाग इथे आले होते. सळईला हात लावायचा नाही, पूजा फक्त यंत्राच्या चौकटीची, असा नियम होता आणि मामा तो पाळत.

मामांनी दोन्ही यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. नारळ फोडला. मग खिशातून एक जुनी पितळी डबी काढली, तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेतला आणि शाल्मलीच्या यंत्राच्या चौकटीवर ठसठशीत टिळा लावला. डबीचं झाकण लावलं. डबी खिशात गेली. ओजसच्या यंत्रावर फक्त एक फूल ठेवलं आणि हात जोडले.

ओजस बघत राहिला. वडिलांच्या मुशीला मामा असाच टिळा लावायचे, पहिल्या ओतणीच्या आधी. वडील त्यांना म्हणायचे, तुझा टिळा लागला की धातू रुसत नाही. तोच टिळा आज शाल्मलीच्या यंत्राला लागला होता आणि आपल्या यंत्राला नव्हता. मामाही गेले तिकडे, असं त्याच्या मनात आलं. गेल्याच महिन्यात तिनं मामांच्या नातीला कुठल्याशा प्रवेशपरीक्षेसाठी गणित शिकवलं होतं, तेही त्याला आठवलं. पाहुणे गेले, समिती गेली, आता वडिलांच्या मुशीवरचा माणूसही गेला. वय वर्षं पन्नास, पदव्या तीन, आणि हा गृहस्थ बोटभर शेंदरासाठी आतल्या आत रडकुंडीला आला होता.

सगळे पेढे घ्यायला आणि मुजावर मॅडमचं छोटंसं भाषण ऐकायला पुढच्या दालनात गेले. ओजस मागे राहिला. सळईची मापं शेवटची तपासायची आहेत, असं त्यानं सांगितलं.

तो शाल्मलीच्या यंत्रापाशी गेला आणि त्यानं अनामिकेनं तो टिळा निपटून काढला. उरलासुरला रुमालानं पुसला. मग शेंदरी बोट तसंच धरून तो आपल्या सळईजवळ आला. परीक्षेची ही कोरी सळई अजून यंत्रात चढवायची होती, कापडावर आडवी पडली होती.

ओजसचा देवावर विश्वास नव्हता. शेंदूर म्हणजे शिशाचं भस्म आणि शिसं निकेलला बाधतं, हेही त्याला पुरेपूर माहीत होतं. म्हणून त्या अवस्थेतही त्यानं हिशोब केला. सळईचा मधला भाग तेवढा लाल होतो. वरचं डोकं यंत्राच्या पकडीत असतं, तिथे लालीचं नावही नसतं. डोक्यापासून मध्यापर्यंत वीतभर अंतर. साध्या निकेलमध्ये तेवढं अंतर कापायला शिशाला हजार वर्षं लागतील. हिशोब बरोबर होता. त्यानं वरच्या डोक्यावर टिळा लावला, बोट पुसलं आणि रुमाल खिशात घातला. दुपारी स्वतःच्या हातानं त्यानं सळई चढवली, तेव्हा टिळा पकडीच्या आत दिसेनासा झाला. त्याला एकदम हलकं वाटलं.

परीक्षा सुरू झाली. दालनाच्या एका अंगाला ओजसची काचेची खोली होती, तिथून दोन्ही यंत्रं दिसायची. शाल्मली आपल्या यंत्रापाशी जायची, नळ्या बघायची, आकडे टिपायची आणि परत जाताना ओजसच्या यंत्रासमोर थांबायची. दिवसातून तीनदा, कधी चारदा. काचेकडे पाठ करून दोन-तीन मिनिटं उभी राहायची. हात पुढे असायचे, पण ती हातांनी काय करते आहे ते दिसायचं नाही. ओजसनं तिला विचारलं नाही. तो वहीत वेळा लिहून ठेवू लागला.

सहाव्या दिवशी उपकरणांनी सळईत एक सूक्ष्म तडा दाखवला, आणि अकरा तासांत तो आपोआप भरून आला. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांसमोर घडलं होतं. ओजसनं ते घरी चहा घेताना शाल्मलीला सांगितलं. खरं सांगायचं तर तिचा चेहरा पडलेला बघायला सांगितलं. ती उठून त्याच्याजवळ आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझे बाबा आज असायला हवे होते."

तिला थोडं तरी वाईट वाटायला हवं होतं, असं ओजसला वाटलं. ती खरोखर आनंदली होती, आणि त्यामुळे त्याचा आनंद फुकट गेला.

तेराव्या दिवशी, तीनशेबाराव्या तासाला, लाल सळई मधोमध तुटली. तेरावा दिवस निवडायला तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तडकल्याचा आवाज ऐकून ओजस खोलीतून धावत बाहेर आला. शाल्मली त्याच्या आधी तिथे पोचली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. ओजसनं त्या चेहऱ्याचा जो अर्थ लावायला नको तोच लावला.

शेंदूर त्याच्या मनात आला नाही असं नाही. क्षणभर आला. पण तो हिशोब पक्का होता, आणि वहीतल्या वेळा त्याहून पक्क्या होत्या. त्याच दुपारी त्यानं मुजावर मॅडमना लेखी तक्रार दिली की आपल्या सळईशी छेडछाड झाली असून चौकशी व्हावी. बायकोचं नाव लिहिलं नाही. वहीची प्रत मात्र जोडली.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. शाल्मलीला तक्रारीबद्दल दुसऱ्या दिवशी मॅडमकडून कळलं. त्या रात्रीपासून ती पुढच्या खोलीत झोपू लागली.

मॅडमनी तुटलेल्या सळईचा तुटीजवळचा मिठाच्या खड्याएवढा तुकडा अणुनकाशकात घातला. हे यंत्र तुकड्यातला एकेक अणू सोलून काढून त्याची जागा दाखवतं. त्याला आठ दिवस लागले. मग त्यांनी आपल्या खोलीत ओजसला, शाल्मलीला आणि समितीतर्फे गुंजाळांना बोलावलं. भिंतीवर नकाशा लावलेला होता. कणांच्या मधल्या गल्ल्या करड्या रंगात होत्या आणि त्यांत ठिकठिकाणी ठिपके भरले होते.

"हे शिसं आहे," मॅडम म्हणाल्या. "दहा लाखांत चाळीस अणू. तापलेल्या निकेलच्या कणसीमा सैल करायला याच्या निम्मंसुद्धा पुरतं."

संस्थेत शिशाला बंदी होती. रंगात नाही, तारा जोडायच्या डाखात नाही, कशातच नाही. मॅडमनी शाल्मलीला विचारलं की ती दिवसातून तीन-चारदा त्या यंत्रापाशी कशाला जात होती.

"शेकायला," ती म्हणाली. "माझ्या यंत्रापाशी बोटं गोठतात. हातमोजे घालून नळ्यांचे बारीक स्क्रू फिरवता येत नाहीत. त्याची भट्टी गरम असते. हात शेकले की मी जायचे."

ओजसला आठवलं की लग्न झाल्यापासून प्रत्येक थंडीत तिची बोटं सुजतात. वहीत त्यानं पन्नास वेळा लिहिल्या होत्या, पण ही गोष्ट त्याच्या एकदाही ध्यानात आली नव्हती.

बंदी घालताना कुणाच्या ध्यानात आला नव्हता असा शिशाचा एकच मार्ग उरत होता, तो पूजेच्या शेंदराचा. मॅडमनी आनंदामामांना बोलावून घेतलं आणि शेंदूर कुठे कुठे लावला ते विचारलं.

"वैनींच्या यंत्राला लावला, व्हय," मामा म्हणाले. "सायेबांच्याला न्हाई लावला."

"त्यांच्याच यंत्राला का नाही?"

मामांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "कसा लावणार? सायेबांनीच सांगितलंया. वीस वर्सं झाली आसतील. ह्यांच्या पैल्या सळईला म्या हौसंनं टिळा लावलेला. सायेब सगळ्यांम्होरं माज्यावर तडकलं. म्हणालं, शेंदूर म्हंजी शिसं आन् शिसं म्हंजी निकेलला इख. परत निकेलच्या आसपास ही डबी दिसली तर माज्याशी गाठ हाय. तवाधरनं कानाला खडा लावला. हितं समदं निकेलच हुतं, म्हणून डबी घरातनं भायेर काडलीच न्हाई. औंदा वैनींचं यंत्र आलं. त्यास्नी इचारलं, त्या म्हणाल्या, ह्याला चालतंय. मग त्येला लावला."

ते ओजसकडे वळले. "तुमच्या नावानं सकाळीच मारुतीला लावून आलोतो, सायेब. तुमच्या वडलांच्या मुशीला लावायचो तसाच."

रागावणारा ओजस तो प्रसंग कधीच विसरून गेला होता. ज्याच्यावर तो रागावला होता त्यानं मात्र वीस वर्षं तो जपून ठेवला होता आणि टिळा न लावून त्याची सळई सांभाळली होती.

मामा गेल्यावर मॅडमनी कागद पुढे ओढला. त्या स्वतः धातुशास्त्राच्या होत्या आणि त्यांचा तर्क बिनचूक होता. शिसं निकेलमधून लांबचा प्रवास करत नाही. ते तुटीजवळ सापडलं, म्हणजे कुणीतरी ते मधल्या तापणाऱ्या भागालाच लावलं. मधल्या भागाला शिसं लावलं तर जगातलं कुठलंही निकेल तुटेल. तेव्हा यात सांधणाऱ्या निकेलचा दोष नाही. डॉ. इंगवले यांना नवी सळई मिळेल आणि परीक्षा पहिल्यापासून होईल. ज्यानं हे केलं तो सापडेपर्यंत डॉ. शाल्मली यांनी दालनात येऊ नये. त्यांच्यावर आरोप नाही, पण शेंदूर त्यांच्या यंत्रावर होता, आणि तुटलेल्या यंत्रापाशी वारंवार जाणाऱ्याही त्याच होत्या.

पंधरवड्यापूर्वी ओजसनं जे मागितलं असतं ते सगळं त्याच्यासमोर आयतं वाढून ठेवलं होतं. नवी सळई, नवे हजार तास, आणि शेजारच्या यंत्रापाशी ती नाही. त्यासाठी त्याला फक्त मूग गिळून बसायचं होतं.

त्यानं शाल्मलीकडे पाहिलं. ती नकाशाकडे बघत होती. कपाळाला आठी होती, आणि ती आठी अपमानाची नव्हती. तिला नकाशात काहीतरी जुळत नव्हतं आणि ती ते जुळवू पाहत होती. आणखी थोड्या वेळानं तिला ते आपलं आपण समजलं असतं. इथेही ही आपल्या पुढे जाईल, असं त्याच्या मनात आलं, आणि या विचाराची त्याला भयंकर लाज वाटली.

"शिसं मधे लावलेलं नाही," तो म्हणाला. "वरच्या डोक्याला लावलंय. मी लावलंय."

त्यानं खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. दोनदा धुऊनही शेंदरी डाग गेला नव्हता. मग खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. टिळा कसा पुसला, कुठे लावला, हिशोब काय केला.

"पण डोकं तर लाल होत नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "तिथून मध्यापर्यंत वीतभर अंतर आहे."

"साध्या निकेलमध्ये हजार वर्षं लागली असती. याला तेरा दिवससुद्धा लागले नाहीत." ओजस शाल्मलीकडे वळला. "तू विचारलं होतंस ना, त्या गल्लीतून दुसरं कुणी जाऊ शकत नाही का म्हणून. जाऊ शकतं. गल्ली सगळ्यांना मोकळी आहे."

मॅडमना ते तत्काळ उमगलं, आणि गुंजाळांसाठी त्यांनी ते फोडून सांगितलं. या निकेलमधला तडा आसपासचे अणू आपल्याकडे ओढतो, तेच त्याचं औषध. पण ओढताना तो निवड करत नाही. सहाव्या दिवशी तडा पडला तेव्हा त्यानं सांधक अणू ओढले आणि त्यांच्याबरोबर डोक्यावरचं शिसंही ओढलं; डोकं लाल नसलं तरी शिसं सुटण्याइतकं तापलेलं होतंच. जखम भरली आणि तिच्यात विष राहिलं. विमानाच्या नाकावर कुठल्याही कोपऱ्यात डाखाचा एखादा थेंब किंवा रंगाचा एखादा कपचा राहिला असता, तर या धातूनं तो शोधून आणून बरोबर तड्यात भरला असता.

"म्हणजे नव्या सळईची गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही," ओजस म्हणाला. त्याची बावीस वर्षं त्या एका शब्दात संपली.

"आणि हे वर गेल्यावर कळलं असतं तर?" गुंजाळांनी विचारलं.

बाहेर पडताना शाल्मली दारात थांबली. "माझ्या चौकटीवरचा टिळा दुसऱ्या दिवशी दिसला नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, बर्फाबरोबर गेला." एवढंच बोलून ती गेली, आणि पुढचे अकरा दिवस त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

त्या अकरा दिवसांत ओजसनं आपली काचेची खोली आवरली. वरच्या डोक्याचा नकाशा मागवून घेतला आणि अहवाल स्वतः लिहिला. टिळा कुणी आणि का लावला हे त्यात पहिल्याच पानावर होतं. आनंदामामांची माफी मागायला तो गेला तेव्हा मामांनी त्याला गुळाचा चहा पाजला आणि उद्यमनगरातल्या जुन्या गोष्टी काढल्या. माफीचा विषय त्यांनी निघू दिला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तो यंत्राची शेवटची जोडणी सोडवायला गेला. पांढरी सळई आठशेचाळिसाव्या तासात होती. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि खिडकीतून आलेल्या उन्हात बर्फ झगझगत होता. शाल्मली नळ्यांपाशी वाकून स्क्रू फिरवत होती. काम संपल्यावर ती वळली, सवयीनं आठ पावलं चालून ओजसच्या भट्टीसमोर आली आणि तिनं हात पुढे केले. भट्टी थंड होती. तिच्या ते लक्षात आलं आणि तिनं हात मागे घेतले. बोटं लाल होऊन सुजली होती.

ओजसनं पाना खाली ठेवला आणि रिकाम्या भट्टीची कळ दाबली. आत सळई नव्हती, ओढ नव्हती, नुसती पोकळी लाल होत गेली. शाल्मलीनं हात पुन्हा पुढे धरले.

"आठशेचाळीस," ती भट्टीकडे बघत म्हणाली. "टिकेल असं वाटतंय."

"टिकेल," ओजस म्हणाला. तिच्या खांद्यावरून त्याला ती पांढरी सळई दिसत होती, आणि त्याच्या पोटात दुखलंच. त्यानं भट्टी आणखी पन्नास अंशांनी वाढवली.